दिवसा उडवलेली दारू

माझी बायको दारूनं चित्रं काढायची. म्हणजे शोभेच्या दारूनं. भुईनळ्यात आणि बाणात ठासून भरतात त्या काळ्या भुकटीनं. हा खुलासा मला आयुष्यभर करावा लागला, आणि ती शेजारी उभी असली की मला तो लगेच करू द्यायची नाही. "थांबा हो," म्हणायची, "थोडा वेळ तरी लोकांना तुमची कीव येऊ दे."

तिला जाऊन आता दुसरा उन्हाळा. भेटायला येणारे अजून येतात. खुर्चीच्या कडेवर बसतात, आवाज बारीक करून बोलतात, चहा अर्धा ठेवतात. मीही त्यांच्याशी तसंच बोलतो. पण ते गेल्यावर लिहायला बसलो की जे आठवतं त्यात रडण्यासारखं फारच थोडं निघतं. दिवसाला एखादं पान होतं, कधी अर्धं. मला कुठं जायचं नाही.

आम्ही दोघं एकाच हायस्कुलात नोकरीला होतो. मी मराठी शिकवायचो आणि ग्रंथालयाची कपाटं सांभाळायचो. ती चित्रकला शिकवायची. जामखेड तालुक्यात, खर्ड्याहून सायकलनं जाता येईल एवढ्या अंतरावरचं गाव. नाव लिहीत नाही. पुढं जे सांगणार आहे त्यावरून तिथं अजून दोन तट असतील, आणि नाव लिहिलं तर दोन्ही तटांची माणसं माझ्या दारात येतील.

ती पुण्यात चित्रकला शिकलेली. लग्न होऊन गावात आली त्या वर्षी चैत्रातल्या यात्रेला तिनं पहिल्यांदा दारूकाम बघितलं. अंधार पडता पडता देवळापुढच्या माळावर दारू उडायची आणि सगळं गाव मान वर करून बघायचं. तीही बघत होती. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मला उठवलं आणि देवळाकडं नेलं. देवळाच्या ओट्याला चुन्याचा गिलावा होता. चक्रं फिरली होती तिथं त्यावर तपकिरी वर्तुळं उमटली होती, आणि भुईनळा ठेवला होता तिथून एक पिवळट पिसारा निघून कडेपर्यंत विरत गेला होता. ती त्याच्यासमोर मांडी घालून बसली. ऊन तापलं तरी उठेना. गुरव पाण्याची घागर आणि खराटा घेऊन आला तेव्हा त्याला म्हणाली, "आजचा दिवस हे धुऊ नका ना."

"का वं बाई?" गुरव म्हणाला. "कालचा राडा हाय त्यो."

त्याच आठवड्यात आम्ही दारू करणाऱ्या चाचांकडं गेलो.

चाचा गावाच्या शिवेजवळ, शेवटच्या घरापासूनही जरा लांब राहायचे, कारण त्यांच्या धंद्याला शेजार चालत नाही. उंच, साठीच्या पुढचे, डावी भुवई कायमची जळालेली. त्यांच्याइतका स्वतःच्या कामाचा अभिमान असलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. खर्ड्याच्या किल्ल्यावरच्या तोफांना दारू त्यांच्याच घराण्यानं पुरवली, असं ते प्रत्येक नव्या माणसाला सांगत. आम्हालाही सांगितलं. मग विचारलं, "दारू कशापायी पाहिजे? पोरांना?"

"चित्र काढायला," ती म्हणाली.

चाचांनी माझ्याकडं पाहिलं. "सर, तुमी काय म्हंता?"

"मी काही म्हणत नाही," मी म्हणालो. आमच्या घरात ते खरंच होतं.

"कागदावर टाकायची न् पेटवायची?"

"हो."

"मग राहील काय?"

"तेच बघायचंय."

चाचांनी विचार केला. "आवाज किती पाहिजे?"

"आवाज नकोच."

"आवाज नको?" चाचा म्हणाले. "बाई, मग दुकानातनं मीठ घ्या की. त्येबी आवाज करत न्हाई."

पण दिली त्यांनी दारू. कागदाच्या पुडीत, चिमूटभर. पुढं दर महिन्याला देत राहिले, दर वेळी तोच मिठाचा विनोद करून.

पहिलं वर्षभर आमच्या घरात नुसती भोकं तयार झाली. घराच्या धाब्यावर बसून ती कागद पेटवायची आणि मी शेजारी वाळूची पाटी घेऊन उभा. हळूहळू तिच्या हाताला अंदाज आला. दारू पिठाच्या चाळणीनं किती विरळ पसरायची, वर लिंबाचा पाला ठेवायचा की ज्वारीची वाळकी पानं, दगडानं दाब कुठं द्यायचा. आग डोळ्याचं पातं लवायच्या आत पळून जायची आणि मागं चहाच्या, राखेच्या, हळदीच्या रंगाचे डाग उरायचे, पानांच्या जागी पांढऱ्या सावल्या. त्यात भडका कुठं दिसायचा नाही. बघितलं की वाटायचं, या खोलीतून आत्ताच कुणीतरी उठून गेलंय.

ती चित्रं तिनं शाळेच्या स्नेहसंमेलनात लावली. व्हरांड्याच्या भिंतीवर एका ओळीत, पलीकडच्या टोकाला चिवड्याची टोपली. पालक आले. "छान, छान" म्हणत चित्रांसमोरून चालत गेले आणि टोपलीपाशी थांबले. ती कोपऱ्यात उभी राहून हे संध्याकाळपर्यंत बघत होती.

घरी परतताना तिनं चित्रांची गुंडाळी एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतली. मग म्हणाली, "देवळात माणूस खांबाला टेकून उभा राहतो बघा, काही मागत नाही, काही म्हणत नाही. तसं एका माणसाला चित्रापुढं थांबलेलं बघायचंय मला. एक माणूस थांबला की हा उद्योग सोडून देईन."

"आणि नाही थांबला तर?"

"तरी सोडेन. तुमच्या शर्टांना गंधकाचा वास येतो, वर्गात पोरं हसतात."

ती हसत बोलली, पण मी तिला ओळखत होतो. त्यानंतर तिनं चाळणी फडताळात ठेवून दिली. एकदाच, भाकरी करता करता, म्हणाली, "लहान आहेत ना, म्हणून लोक चालत पुढं जातात. एक मोठं करून बघायला पाहिजे. ओलांडून जाताच येणार नाही एवढं. ते एक, आणि मग बास." एवढं मोठं चित्र करायला लागणारी दारू पुड्यांनी मिळत नाही. त्यामुळं तो विषय तिथंच राहिला.

बहात्तर साली पाऊस झाला नाही. त्र्याहत्तरच्या चैत्रात पंचांनी ठरवलं की यात्रेला नैवेद्य आणि पालखी तेवढी होईल, दारू उडवायची नाही. त्यात कुणाचं चुकलं असं नाही. पण चाचा यात्रेची दारू दिवाळीनंतरच करायला घेत, आणि ती सगळी तयार होऊन त्यांच्या मागच्या खोलीत पडली होती. उन्हाळा वाढला तशी चाची घायकुतीला आल्या. एकतर ही दारू घरात राहील नाहीतर मी, असं त्यांनी चाचांना सांगितलं.

ते कळल्यावर आम्ही गेलो. चाचा बाजेवर बसून चहा घेत होते, उतरलेल्या चेहऱ्यानं. तिनं सगळं सांगितलं. शाळेच्या मैदानावर मोठं कापड अंथरायचं, त्यावर दारू पसरायची, आणि वात चाचांनी स्वतः लावायची.

चाचांचा चेहरा उजळला. "सगळ्या गावापुढं?"

"येईल त्याच्यापुढं."

"कधी? अंधार पडल्यावर?"

"सकाळी. धूर कसा पसरतो ते मला दिसायला पाहिजे."

चाचांनी कप खाली ठेवला. "दिवसा? बाई, दिवसाढवळ्या दारू कुनी उडवतं का? उद्या लोक म्हनतील, म्हाताऱ्याला डोळ्यानं दिसंना, रात हाय का दिवस हाय कळंना." त्यांनी आत, चाचींच्या दिशेनं, एकदा पाहिलं. "आन् आवाज बी न्हाई म्हना."

"नाही."

"वर बी जानार न्हाई."

"नाही."

"म्हंजे दिवसा, जमिनीवर, आन् मुकी." त्यांनी मान हलवली. आतून चाचींनी भांडं जरा जोरात ठेवलं. "बरं," चाचा म्हणाले, "घेऊन जावा."

मग तयारी सुरू झाली. मांजरपाटाचे तीन पन्हे शिंप्याकडून जोडून घेतले. कापडाची खळ धुवायला पाणी कुठलं, तर आठवडाभर आम्ही आंघोळीचं पाणी पिंपात साठवलं आणि त्यात कापड भिजवलं. माझ्या अंगाच्या साबणाचा त्या चित्रात वाटा आहे, एवढंच माझं त्यातलं काम. मुख्याध्यापकांकडून मैदानाची परवानगी घेतली. वार्षिक परीक्षा झालेल्या होत्या, मैदान मोकळंच होतं. त्यांनी अर्जावर सही करता करता विचारलं, "चित्राचा विषय काय?"

"अजून पेटवलं नाही," ती म्हणाली. सरांनी सही पुरी केली.

रविवारी पहाटेपासून ती आणि चाचा कापडावर वाकून दारू चाळत होते. ज्वारीची पानं, बाभळीच्या शेंगा, लिंबाच्या काड्या, सगळं तिच्या मनात जसं होतं तसं मांडत. मी कडेनं वाळूच्या पाट्या लावल्या. वाळूला तोटा नव्हता, नदीत तेवढीच उरली होती. वारा पडलेला. सगळं जुळून आलं होतं. चाचांच्या घरची दारू या एका कापडावर संपली होती. पुन्हा एवढी कधी मिळेल ते कुणालाच माहीत नव्हतं. ती उभी राहिली, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "झालं. आता आला तर वाराच आड येईल."

गाव येणार हे आम्हाला ठाऊक होतं, पण एवढं येईल असं वाटलं नव्हतं. यात्रेची दारू चुकलेली माणसं. कापडाच्या एका टोकाला बायका बसल्या, दुसऱ्या टोकाला, वातीच्या बाजूला, चाचा फेटा बांधून उभे, आणि दोन्ही लांब कडांना बाप्ये. एकजण पिपाणी घेऊन आला होता. माझ्या बायकोनं ती त्याला वाजवू दिली नाही.

आणि एक माणूस आमच्या कुणाच्याही डोक्यात आला नव्हता, तो म्हणजे पाटील.

पाटील चाचांच्याच वयाचे. दोघं लहानपणी एकाच विहिरीत पोहायला शिकलेले, त्यामुळं एकमेकांशी सरळ बोलत नसत. तोफांची गोष्ट निघाली की पाटील म्हणत, "व्हय, याच्याच घरची दारू. म्हनून तर तोफा गप हायत." पाटलांना यात्रेत एक मान होता. दारू पेटवायच्या आधी आग आणि माणसं यांच्यामधून ते तांब्यानं पाण्याची धार ओढत. आगीला गावची वेस दाखवायची, म्हणजे ती अलीकडं येत नाही. धार चालत जाऊन ओतायची नसे. एका जागी उभं राहून, हाताच्या एका झोक्यानं, इकडून तिकडं, मधे न तुटता ती पडली पाहिजे. पाटलांचा हात त्यात पंचक्रोशीत नावाजलेला होता. वडलांची धार तुटायची, असं ते स्वतःच सांगत.

यात्रेला दारू नाही म्हणून यंदा धारही नव्हती. आणि आता दारू आहे म्हटल्यावर धार आहे, हे पाटलांना कुणी सांगायची गरज नव्हती. पांढरं धोतर, गुलाबी फेटा, हातात घासलेला तांब्या, असे ते गर्दीतून पुढं आले. लोकांनी वाट दिली. पाटलांनी एकदा वातीकडं पाहिलं, एकदा बायका बसल्या होत्या तिकडं पाहिलं. आग इकडं, माणसं तिकडं. मधे काय पसरलंय याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. त्यांनी ती बिछायत धरली असावी. "थांबा" म्हणायला माझं तोंड उघडेपर्यंत त्यांचा हात गेला होता.

धार सुरेख पडली. उन्हात क्षणभर चकाकली आणि कापडाच्या बरोबर मधोमध, एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत, दारूवर आडवी पडली.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. पाटील मागं सरकून उभे राहिले.

"पाटील," चाचा हळूच म्हणाले, "काय केलंत ह्ये?"

"काय केलं म्हंजे? धार वडली."

"चित्रावर?"

"कंचं चित्र?"

चाचा तिच्याकडं बघायला लागले. मीही. ती कापडाच्या कडेला उकिडवी बसून त्या ओल्या पट्ट्याकडं बघत होती. दारू भिजून तिथं काळा गाळ झाला होता आणि पाणी कापडात हळूहळू दोन्हीकडं पसरत होतं. वाळायला ठेवावं तर वारा सुटणार. गोळा करावी तर पहाटेपासूनची मांडणी गेली. तिनं मान वर केली तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडलेला होता, पण आवाज नेहमीचाच होता.

"लावा चाचा," ती म्हणाली.

"बाई, पान्यापाशी ईल न् विझंल."

"लावा."

चाचांनी वात लावली. फर्रर्र असा, कापड फाडल्यासारखा आवाज झाला. आग पानांखालून पळत आली, पाण्यापाशी पोचली, तिथं फणा काढल्यासारखी जरा उभी राहिली आणि गेली. धूर वर आला. धूर निवळल्यावर अर्धं कापड जळकं होतं आणि अर्ध्यावर दारू जशीच्या तशी.

"झालं?" गर्दीतून कुणीतरी विचारलं.

मग सगळे हसले. वाईट हसणं नव्हतं ते. उपाशी आणि कंटाळलेल्या गावाला रविवारी सकाळी फुकट हसायला मिळालं होतं. पण चाचांना ते लागलं.

"माझी दारू विझली न्हाई," ते ओरडले. "विझवली ह्यांनी."

"दारू असती तर पान्याला भ्याली असती का?" पाटील म्हणाले.

"चाळीस वरसात येकदा बी विझली न्हाई."

"चाळीस वरसं धार बी न्हाई तुटली. आज बघितलं न्हवं सगळ्यांनी?"

चाचांनी वातीचा पलिता उचलला आणि तरातरा बायकांच्या टोकाकडं निघाले. राहिलेली अर्धी तिकडून पेटवून दाखवणार होते. बायका उठून पळायला लागल्या. ती मधे जाऊन उभी राहिली.

"नाही चाचा."

"बाई, बाजूला व्हा. माझ्या नावाचा प्रश्न हाय."

"माहीत आहे. पण अर्धंच हवंय मला."

"पहाटंपासनं आख्खं मांडलं न् आता अर्धं?"

"पहाटे मला कुठं माहीत होतं?" ती म्हणाली.

चाचांना काहीच समजलं नसावं. मलाही नाही. पण तिनं त्यांच्या हातातून पलिता घेतला आणि वाळूत खुपसला. मग कोरड्या अर्ध्यावरची सगळी दारू तिनं मोरपिसाच्या कुंच्यानं अलगद गोळा करून चाचांच्या डब्यात भरली आणि डबा त्यांच्या हातात दिला. "ही तुमची. हिचं काय करायचं ते करा. आवाज करा."

संध्याकाळी दिवे लागायच्या वेळी गावाच्या शिवेवरून एकच बार झाला, धाड असा, की आमच्या फडताळातली भांडी हलली. पंचांनी तो ऐकला नाही, असं पंच दुसऱ्या दिवशी सांगत होते.

कापड तिनं शाळेच्या मोठ्या खोलीत वाशांना टांगलं, वास जायला. दारं उघडी ठेवली. कुणी बघायला यावं म्हणून नाही. एवढ्या हशानंतर ते तिनं मनातून काढून टाकलं होतं. "वास गेला की घडी घालून ठेवू," म्हणाली.

सोमवारी सकाळी पाटील आले. बरोबर दोन साक्षीदार. गावात रात्रीपासून एक वाद पेटला होता. चाचा म्हणत होते की पाटलांची धार एका ठिकाणी तुटली होती आणि तिथून त्यांची दारू पलीकडं गेली. पाटील म्हणत होते, शक्य नाही. आता ते कापडावर बघून ठरवायचं होतं.

आणि खरंच तशी जागा होती. डाव्या काठाजवळ, दोन बोटं रुंद, एक तपकिरी जीभ ओल्या रेघेतून पलीकडं शिरली होती आणि पसरलेल्या ओलीतच थांबली होती. पाटलांनी चष्मा लावून ती पाहिली. "ह्यी ठिनगी," ते म्हणाले. "वाऱ्यानं उडाली. धार तुटल्याली न्हाई." दुपारी चाचांनी आपली माणसं आणली. "ठिनगी असती तर ठिपका पडला असता," चाचांनी दाखवलं. "ही पळत गेलीया. बुडापासनं बघा."

त्यानंतर आठवडाभर गाव शाळेत येत राहिलं. दुष्काळी कामावर खडी फोडून परतणाऱ्या बायका पाट्या दाराशी उतरवून आत यायच्या. बाजाराच्या दिवशी खर्ड्याकडची माणसंही आली. प्रत्येकजण आधी थेट ती दोन बोटं जागा गाठायचा, नाक लावून बघायचा. मग तिथून निकाल लागेना म्हणून दोन पावलं मागं सरायचा, आग कुठून निघाली, कशी आली, कुठं वळली, कुठं दमली ते डोळ्यांनी धरत यायचा. रेघेपाशी पोचला की बोलणं कमी व्हायचं. तिथं आगीनं पाण्याच्या काठाकाठानं काय काय केलं होतं. पिवळी पिसं, करड्या लाटा, एका थेंबाभोवती दुसरा थेंब. आणि त्याच्या पलीकडं नुसतं कापड, दारू उचलल्यावर उरलेल्या फिकट धुळीचं. एक म्हातारी बराच वेळ बघून म्हणाली, "आभाळ आलं न् हितं थांबलं." दुसरी म्हणाली, "थांबू दे. आलं तरी." आणि दोघी पुन्हा गप्प बसून बघायला लागल्या.

माझी बायको शेजारच्या वर्गात पाठ फिरवून निकालपत्रकं भरत बसायची आणि कान इकडं. सगळ्यांना प्रश्न धारेचा होता. चित्राबद्दल एक शब्द कुणी काढत नव्हतं. एकदा चाचाही तिथंच असताना पाटलांना राहवलं नाही, त्यांनी तिला हाक मारली.

"बाई, येक सांगा. जाळलं यानं. विझवलं मी. मग यात तुमचं काय?"

"कापड माझं," ती म्हणाली.

"शिवलं शिंप्यानं," चाचा म्हणाले. त्या दोघांचं एकमत झालेलं मी तेवढं एकदाच पाहिलं. ती हसायला लागली ती थांबेचना. शेवटी पदर तोंडाला लावून पायरीवर बसली.

आठवड्याच्या शेवटी गर्दी ओसरली. वाद मिटला नव्हता, पण नवीन मुद्दा कुणाकडं उरला नव्हता. संध्याकाळी आम्ही कापड उतरवून घ्यायला गेलो. ती पुढं, मी किल्ल्यांचा जुडगा घेऊन मागं. दारापाशी ती थबकली आणि हात मागं करून मला थांबवलं.

आत बाकावर पाटील आणि चाचा बसले होते. फेटे काढून मधे ठेवलेले. पश्चिमेच्या खिडकीतून उन्ह कापडावर तिरपं आलं होतं. दोघं काही बोलत नव्हते.

"झोपलेत," मी कुजबुजलो.

"डोळे उघडे आहेत," ती म्हणाली.

आम्ही तसेच उभे राहिलो. माझा पाय अवघडला तरी हललो नाही. बऱ्याच वेळानं आतून पाटलांचा आवाज आला.

"काय बघतूस रं?"

"तुमी काय बघताय?"

"मी आपलं असंच."

"मग मी बी असंच."

आणि परत गप्प.

तिनं माझ्या हातातला किल्ल्यांचा जुडगा वाजू नये म्हणून मुठीत धरला आणि मला ओढत बाहेर आणलं. कापड त्या दिवशी उतरवलं नाही. मैदान तिनं झपाझप ओलांडलं. मग फाटकापाशी म्हणाली, "शिंप्याला उद्याच सांगून ठेवा. पुढच्या वेळी पाच पन्हे जोडायला लागतील."

"पुढच्या वेळी? तू तर सोडणार होतीस. एक माणूस थांबला की सोडून देईन, असं म्हणाली होतीस."

"एक म्हणाले होते," ती म्हणाली. "आत दोघं बसलेत."